चिपवरील अवरक्त प्रकाशस्रोत : रचना, मर्यादा आणि काष्ठौषधी-परीक्षणातील स्थान

प्रस्तावना

इ.स. २०२१ मध्ये मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तांत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी या हेतूने हे रुग्ण गुळवेलीचे सेवन करीत होते आणि २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात त्यांच्यात यकृतशोथाची लक्षणे आढळली होती. जुलै २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याचे परीक्षण झालेलेच नाही, ती खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे कळण्यास मार्ग नाही, असा त्या आक्षेपाचा गाभा होता. वाद पुढेही चालू राहिला. त्याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आम्हांस त्यातील एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : पुडीत नेमके काय होते? याचे उत्तर हाती नसेल तर औषधाचे यश आपले म्हणता येत नाही आणि अपयश दुसऱ्याचे म्हणता येत नाही.

ओली वेल ओळखणे कठीण नाही. कॉर्डिफोलियाचे पान हृदयाकृती असते, तर क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. परंतु खोड वाळून त्याचे वस्त्रगाळ चूर्ण झाले म्हणजे डोळा, नाक आणि जीभ ही तिन्ही साधने थकतात. सूक्ष्मदर्शकाखालील चूर्णपरीक्षा व तनुस्तर वर्णलेखन हे मार्ग आयुर्वेदिक फार्माकोपियाने सांगितलेले आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी होणार नाही. तथापि त्यांना प्रयोगशाळा, प्रशिक्षित हात आणि वेळ लागतो. अशा वेळी मुठीत मावणारा अवरक्त वर्णपटमापक औषधी दुकानाच्या गल्ल्यावर येऊ पाहत आहे. विक्रेता सांगतो, 'चूर्णावर धरा, कळ दाबा, खरे की खोटे कळेल.' हे कितपत खरे, हे समजण्यासाठी त्या पेटीतील सर्वांत दुर्लक्षित भागाचा, म्हणजे तिच्यातील दिव्याचा, अभ्यास आम्ही येथे मांडीत आहोत.

अवरक्त प्रकाश द्रव्याविषयी काय सांगतो?

इ.स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यात तापमापके ठेवली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे पारा अधिक चढला. हा तांबड्यापलीकडील प्रकाश म्हणजेच अवरक्त प्रकाश.

द्रव्यातील अणू परस्परांशी बंधांनी जोडलेले असतात आणि हे बंध सतत कंप पावत असतात. ज्या बंधाची कंपनसंख्या येणाऱ्या प्रकाशाशी जुळते तो बंध तेवढा प्रकाश शोषून घेतो. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे मूळ शोषण सुमारे २.९ मायक्रॉनवर आणि कार्बन-हायड्रोजन बंधाचे सुमारे ३.४ मायक्रॉनवर होते. तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे सहस्वर उमटतात, तसेच या बंधांचेही सहस्वर असतात. कार्बन-हायड्रोजन बंधाचा पहिला सहस्वर १.७ मायक्रॉनच्या आसपास, दुसरा १.२ च्या आसपास आणि तिसरा ०.९ च्या आसपास आढळतो. मात्र प्रत्येक पायरीगणिक शोषणाची तीव्रता दहा ते शंभर पटींनी घटत जाते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण उपकरणाची किंमत व त्याची पात्रता या दोन्ही गोष्टी यावर अवलंबून आहेत.

०.८ ते २.५ मायक्रॉन या पट्ट्यास निकट-अवरक्त म्हणतात. येथील सहस्वर क्षीण असतात. हाच त्यांचा दोष आणि हाच गुण. शोषण कमी असल्याने प्रकाश चूर्णात काही मिलिमीटर खोल शिरतो, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतूनही पार होतो आणि नमुना तयार करण्याचे श्रम वाचतात. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी धान्यातील ओलावा मोजण्यासाठी या पट्ट्याचा पद्धतशीर उपयोग केला, तेथून ही विद्या वाढली. याउलट ६ मायक्रॉनच्या पलीकडील मध्य-अवरक्त पट्टा द्रव्याच्या बोटांच्या ठशासारखा विशिष्ट असतो, परंतु तेथील प्रकाश चूर्णाच्या पृष्ठभागावरच शोषला जातो; म्हणून नमुना विशेष स्फटिकावर दाबून धरावा लागतो.

दिव्याचे गणित

गेल्या काही दशकांत प्रकाश विभागणारे गाळणे आणि प्रकाश मोजणारे संवेदक पुष्कळ लहान झाले. दिवा मात्र मागे राहिला. आजही अनेक हस्तचलित वर्णपटमापकांत टंगस्टन तंतूचा छोटा दिवा असतो. तो का टिकून आहे, हे साध्या गणिताने समजते.

तापलेल्या वस्तूचा प्रकाश कोणत्या तरंगलांबीस सर्वाधिक असतो हे वीन यांचा नियम सांगतो : २८९८ या संख्येस केल्विनमधील तापमानाने भागावे, उत्तर मायक्रॉनमध्ये मिळते. निरोगी मनुष्याच्या शरीराचे तापमान ३१० केल्विन. भागाकार येतो सुमारे ९.३ मायक्रॉन. म्हणजे नाडी पाहणारा वैद्याचा हात हा स्वतःच एक अवरक्त दिवा आहे. २८०० केल्विनवरील टंगस्टन तंतूचा शिखरबिंदू १.०३ मायक्रॉनवर येतो. १००० केल्विनवर (सुमारे ७२७ अंश सेल्सियस) तापलेल्या पटलाचा २.९ मायक्रॉनवर.

आता १ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचे पटल घेऊ. ते आदर्श कृष्णवस्तू आहे असे मानले, तर १००० केल्विनवर ते एका पृष्ठभागातून सुमारे ५७ मिलिवॉट ऊर्जा उत्सर्जित करील. परंतु त्यांपैकी ०.९ ते १.७ मायक्रॉन या पट्ट्यात जेमतेम ३ टक्के, म्हणजे दीड-पावणेदोन मिलिवॉट, पडतील. ३ ते ५ मायक्रॉन या पट्ट्यात मात्र ३६ टक्के आणि ६ ते १० मायक्रॉनमध्ये सुमारे १८ टक्के पडतील. उलट २८०० केल्विनवरील तंतूची सुमारे ४४ टक्के ऊर्जा ०.९ ते १.७ याच पट्ट्यात असते. निष्कर्ष उघड आहे : चिपवरील तप्त पटल मध्य-अवरक्तासाठी योग्य, निकट-अवरक्तासाठी दुबळे. तापमान वाढवावे तर पटल फाटते, धातू वितळण्यापूर्वीच सरकू लागतो आणि आयुष्य घटते. दिव्याची निवड अशी पट्ट्याच्या निवडीपासून वेगळी काढता येत नाही.

चिपवरील स्रोतांचे प्रकार

१) तप्त पटल. सिलिकॉनच्या चकतीवर सिलिकॉन ऑक्साइड किंवा नायट्राइडचा एखाद-दोन मायक्रॉन जाडीचा थर चढवून, खालचे सिलिकॉन कोरून काढतात. उरलेले पातळ पटल ढोलकीच्या पुडीप्रमाणे कडांवर ताणून राहते. त्यावर प्लॅटिनम किंवा टंगस्टनची नागमोडी तापनरेषा असते. येथे रचनाकारापुढे मुख्य शत्रू तीन. पहिला, आधारावाटे निसटणारी उष्णता. म्हणून पटल पातळ व तापणारा भाग कडांपासून दूर ठेवतात. दुसरा, भोवतालची हवा. तिच्यावाटे प्रकाशापेक्षा अधिक ऊर्जा वाहून जाऊ शकते, म्हणून काही रचनांत चिप निर्वात आवरणात बंद करतात. तिसरा, पटलाची स्वतःची चकाकी. किरख्होफ यांच्या नियमानुसार जी वस्तू प्रकाश चांगला शोषते तीच चांगला उत्सर्जित करते. नुसते पटल अवरक्तास बरेचसे पारदर्शक असते, म्हणून त्यावर प्लॅटिनमची काजळी, कार्बनच्या सूक्ष्मनलिका किंवा ठरावीक आकाराचे धातूचे सूक्ष्म नक्षीकाम यांचा थर देतात. नक्षीकामाने हव्या त्याच तरंगलांबीस उत्सर्जन वाढविता येते, हा त्याचा विशेष लाभ.

पटल इतके हलके असते, की काही मिलिसेकंदांत तापते व निवते. त्यामुळे ते सेकंदास दहा ते शंभर वेळा उघडझाप करू शकते. संवेदक केवळ त्या लयीत बदलणारा प्रकाश मोजतो आणि भोवतालच्या भिंतींचा, दिव्यांचा, हाताळणाऱ्याच्या हाताचा स्थिर अवरक्त प्रकाश वगळतो. तंतूच्या दिव्यास इतकी चपळता साधत नाही. आवरणाच्या खिडकीचाही विचार हवा : साधी काच ३ मायक्रॉनच्या आसपास अपारदर्शक होते, म्हणून मध्य-अवरक्तासाठी नीलमणी, कॅल्शियम फ्ल्युओराइड किंवा जर्मेनियम यांच्या खिडक्या वापरतात.

२) प्रकाश-उत्सर्जक डायोड, अर्थात एलईडी. येथे उष्णतेचा नव्हे, तर अर्धवाहकातील इलेक्ट्रॉनच्या उडीचा प्रकाश मिळतो. १.२४ या संख्येस अर्धवाहकाच्या ऊर्जा-अंतराने (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) भागले की मायक्रॉनमध्ये तरंगलांबी येते. गॅलियम आर्सेनाइडचे अंतर १.४२, म्हणून ०.८७ मायक्रॉन. सिलिकॉनचे अंतर १.१२ असले तरी त्याची रचना अशी आहे, की इलेक्ट्रॉनची उडी प्रकाशाऐवजी बहुतांशी उष्णतेत संपते. म्हणून सिलिकॉन उत्तम संवेदक, पण दिवा म्हणून निरुपयोगी. चिपवर सिलिकॉनचाच दिवा का नाही, या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तर हेच.

एलईडी थंड, चपळ व काटकसरी. परंतु एका एलईडीचा पट्टा साधारणतः काही दहा नॅनोमीटर रुंद; म्हणून वर्णपट हवा असेल तर निरनिराळ्या तरंगलांबींच्या एलईडींची माळ लागते. शिवाय तरंगलांबी वाढते तशी त्यांची कार्यक्षमता घसरते. तापमानाचाही परिणाम होतो : गॅलियम आर्सेनाइड जातीच्या एलईडीचे शिखर दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. वातानुकूलित खोली आणि दुपारचे गोदाम यांत दहा अंशांचे अंतर धरले, तर हे शिखर ३ नॅनोमीटरने सरकेल. क्षीण सहस्वरांतील सूक्ष्म फरक शोधताना एवढे सरकणे निर्णय फिरवू शकते.

३) फॉस्फरयुक्त रुंदपट्टा एलईडी. घरातील पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळे फॉस्फर असते. त्याच युक्तीने क्रोमियमयुक्त फॉस्फर वापरून निळ्या प्रकाशाचे रुंद निकट-अवरक्त पट्ट्यात रूपांतर करता येते. २०१६ मध्ये ऑस्रॅम कंपनीने ६५० ते १०५० नॅनोमीटर व्यापणारा असा एलईडी मुख्यतः लहान वर्णपटमापकांसाठी बाजारात आणला. टंगस्टन दिव्याला हा खरा पर्याय, आणि त्यासाठी स्वस्त सिलिकॉन संवेदक पुरतो. पण वर सांगितलेला मुद्दा येथे आडवा येतो : १०५० नॅनोमीटरच्या अलीकडे कार्बन-हायड्रोजनचा तिसरा, म्हणजे अतिशय क्षीण सहस्वरच हाती लागतो. २०१४ मध्ये इस्रायलमधील कन्झ्युमर फिजिक्स कंपनीने लोकवर्गणीतून पुढे आणलेल्या खिशातील उपकरणाची कक्षाही सुमारे ७४० ते १०७० नॅनोमीटर एवढीच होती. १७०० नॅनोमीटरपर्यंत जावयाचे तर इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा महाग संवेदक लागतो.

४) लेसर. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेत क्वांटम कॅस्केड लेसर प्रथम सिद्ध झाला. मध्य-अवरक्तात तो प्रखर प्रकाश देतो, परंतु त्याची किंमत व शीतकरणाची गरज पाहता औषधी दुकानाच्या संदर्भात तूर्त एवढा उल्लेख पुरे.

स्थैर्य हेच दिव्याचे शील

वर्णपटमापक चूर्णाची ओळख थेट सांगत नाही. तो प्रथम पांढऱ्या प्रमाणपट्टीवरून परतलेला प्रकाश मोजतो, मग चूर्णावरून परतलेला. दोहोंचे गुणोत्तर काढतो. आणि ते खात्रीच्या नमुन्यांच्या संग्रहाशी सांख्यिकी पद्धतीने ताडून पाहतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती असे परीक्षेचे चार प्रकार सांगितले आहेत. त्या भाषेत सांगावयाचे तर यंत्राचे उत्तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय. आणि नमुन्यांचा संग्रह हा त्या अनुमानामागील आप्त होय. आप्तच अविश्वसनीय असेल तर अनुमान व्यर्थ.

दिव्याचा संबंध येथे येतो. संग्रह एका यंत्रावर तयार होतो आणि वापरला जातो दुसऱ्या यंत्रावर. दोन दिव्यांचा वर्णपट भिन्न असेल, किंवा एकच दिवा सहा महिन्यांत मंदावला असेल, तर फरक चूर्णात आहे की दिव्यात, हे यंत्रास कळत नाही. म्हणून चांगल्या रचनेत दिव्याशेजारीच त्याचे तेज मोजणारा स्वतंत्र संवेदक व तापमापक असतो आणि प्रत्येक मापनापूर्वी प्रमाणपट्टी पाहिली जाते. प्रखर दिव्यापेक्षा स्थिर दिवा श्रेष्ठ.

आमच्या जुहू-पार्ले परिसरात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते, ती म्हणजे समुद्रकाठची दमट हवा. पाण्याचे ठळक शोषण १४५० आणि १९४० नॅनोमीटरवर असते. आषाढ-श्रावणात उघड्या बरणीतील चूर्ण ओलावा धरते आणि त्याच्या वर्णपटात पाण्याचाच आवाज मोठा होतो. कोरड्या प्रदेशात तयार झालेला संग्रह येथे पावसाळ्यात वापरला तर अस्सल द्रव्यही नकली ठरण्याचा धोका आहे. उपाय दोन : मापनापूर्वी चूर्ण ठरावीक पद्धतीने कोरडे करणे, आणि संग्रहातच निरनिराळ्या ओलाव्याचे नमुने घालणे. यंत्राच्या खिडकीवर बाष्प धरले असल्यास ते पुसल्यावाचून मापन करू नये.

दोन द्रव्यांचा विचार

अशोक. स्त्रीरोगांत, विशेषतः असृग्दरात, अशोकारिष्टाचा वापर आपल्या सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. त्यासाठी साराका असोका या वृक्षाची साल हवी. हा वृक्ष वन्य स्थितीत विरळ झाला असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्यास असुरक्षित प्रजातींत गणले आहे. बाजारात त्याऐवजी आसोपालवाची, म्हणजे पॉलिअल्थिया लाँगिफोलियाची, साल येते हे अनेक अभ्यासांत नोंदले गेले आहे. मुंबईच्या सोसायट्यांच्या कुंपणालगत रांगेने उभी असलेली उंच झाडे ती हीच. त्यांना सर्रास अशोक म्हणतात आणि तेथेच घोटाळा सुरू होतो. दोन्ही वृक्ष भिन्न कुळांतील आहेत. खऱ्या अशोकाच्या सालीत टॅनिनवर्गीय द्रव्ये विपुल, तर आसोपालवात डायटर्पीन व अल्कलॉइड वर्गाची द्रव्ये. रसायन इतके भिन्न असल्यामुळे संपूर्ण अदलाबदल झाली असेल तर १७०० नॅनोमीटरपर्यंत पाहणाऱ्या यंत्राने, योग्य संग्रहाच्या आधारे, ती पकडली जाण्याची अपेक्षा रास्त आहे.

गुळवेल. येथे काम अवघड, कारण दोन्ही वेली एकाच प्रजातीगटातील आहेत. पिष्ट, काष्ठतंतू व पाणी हे दोहोंत समान. आणि वर्णपटात तेच मोठ्याने बोलतात. भेद करणारी द्रव्ये अल्प प्रमाणात. निकट-अवरक्त पद्धतीत साधारणतः १ टक्क्याहून कमी प्रमाणातील घटक विश्वासाने दिसत नाहीत. म्हणून गुळवेलीच्या बाबतीत यंत्राने 'संशयास्पद' म्हटले तर थांबावे. 'ठीक' म्हटले तरी वर्णलेखनाचा दाखला मागावा. शक्यतो अखंड खोड विकत घेऊन, पाहून, मग आपल्या देखरेखीखाली कुटून घ्यावे.

यासोबत एक स्पष्ट सूचना. शिसे, पारा, सोमल यांसारख्या धातूंचे अल्प अंश अवरक्त यंत्र ओळखू शकत नाही, कारण शोषण बंधांचे होते, मूलद्रव्यांचे नव्हे. रसौषधींच्या परीक्षेस क्ष-किरण प्रतिदीप्ती किंवा अणुशोषण यांसारख्याच पद्धती हव्यात. अवरक्त यंत्राचा दाखला दाखवून भस्म निर्दोष असल्याचे कोणी सांगत असल्यास तो स्वीकारू नये.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

औषधालयाच्या मालकांनी विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१) यंत्राची तरंगलांबीची कक्षा किती? १०५० नॅनोमीटरवर थांबते की १७०० पर्यंत जाते?
२) दिवा कोणत्या प्रकारचा, त्याचे आयुष्य किती तासांचे, आणि बदलल्यावर संग्रह पुन्हा जुळवून कोण देणार?
३) दिव्याच्या तेजाची व तापमानाची स्वतंत्र नोंद होते काय?
४) संग्रहातील नमुने कोणी ओळखले? वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रमाणित केलेले शुष्क नमुने जपून ठेवले आहेत काय? किती प्रदेशांतील व किती ऋतूंतील?
५) नकली व पर्यायी द्रव्यांचेही नमुने संग्रहात आहेत काय? केवळ अस्सल पाहिलेल्या यंत्रास नकलेची ओळख कोठून होणार?
६) अनोळखी द्रव्य आल्यास यंत्र 'माहीत नाही' असे सांगते, की जवळचे नाव ठोकून देते?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याची परीक्षा दुकानातच होते : कणिक किंवा चहाची भुकटी समोर धरून पाहावी.

समारोप

एकेका औषधालयाने असा संग्रह उभारणे परवडणारे नाही. संघटनेने मात्र ते मनावर घ्यावे असे आम्हांस वाटते. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या जुहू येथील आवारात सी. यू. शाह औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था शेजारी शेजारी आहेत. एकीकडे द्रव्यपरीक्षण, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक्स. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र कार्यरत आहे. वैद्यांनी नमुने व त्यांची ओळख पुरवावी, औषधनिर्माणशास्त्रज्ञांनी वर्णलेखनाने ती पडताळावी आणि अभियंत्यांनी आमच्या हवेत स्थिर राहणारा दिवा घडवावा, अशी वाटणी होऊ शकते. अशोक, गुळवेल आणि आणखी आठ-दहा नित्य वापरातील द्रव्ये एवढ्यापासून आरंभ केला तरी पुरे.

तोवर यंत्रास द्वारपालाचे काम द्यावे, न्यायाधीशाचे नव्हे. संशयितास दारात अडविणे त्याने करावे. निर्णय प्रयोगशाळेने व जाणत्या वैद्याने द्यावा. रुग्ण पुडीवरील नाव वाचून औषध घेतो आणि ते नाव खरे असल्याची हमी देणे ही आपलीच जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१) ८०० केल्विनवर तापलेल्या पटलाचा शिखरबिंदू वीन यांच्या नियमाने काढा. तो निकट-अवरक्त पट्ट्यात येतो काय?
२) सिलिकॉन संवेदक चांगला आणि दिवा म्हणून निरुपयोगी का, ते दोन वाक्यांत लिहा.
३) आपल्या औषधालयात पावसाळ्यात साठविलेल्या एका चूर्णाचे उदाहरण घेऊन ओलाव्यामुळे मापनात येणारा दोष व त्यावरील उपाय सांगा.
४) अशोक व गुळवेल यांपैकी कोणत्या द्रव्याची परीक्षा या यंत्रास सुकर आहे? कारण द्या.